माणसं आठ, घर साडेचारशे फूट: पोटमाळा, गच्चीवरची खोली की फर्निचर?

सांगलीत घर लहान पडायला लागलं की घरात दोनच सूर निघतात. एक म्हणतो, "वर पत्र्याची खोली काढू." दुसरा म्हणतो, "हायड्रॉलिक बेड घेऊ, सगळं आत जाईल." पोटमाळा सहसा आजोबांनाच आठवतो, कारण त्यांच्या लहानपणी शाळू आणि मुलं दोन्ही माळ्यावरच असायची. यातला प्रत्येक पर्याय कुठल्या ना कुठल्या घरात बरोबर बसतो, आणि चुकीच्या घरात केला तर पैसे घालवून अडगळ वाढवतो. निवड मुख्यतः दोन मापांवर होते: फरशीपासून छतापर्यंतची उंची, आणि पुराचं पाणी तुमच्या भिंतीवर कुठवर चढलं होतं. सुताराला किंवा वेल्डिंगवाल्याला बोलवायच्या आधी ही दोन मापं कागदावर असू द्या.

तुलनेसाठी एक घर धरू. बाहेरची खोली १२ बाय १४, आतली १० बाय १२, स्वयंपाकघर ८ बाय ११, संडास-बाथरूम एकत्र ४ बाय ७, उरलेला बोळ. सगळं मिळून साडेचारशे चौरस फूट. माणसं आठ: आजी-आजोबा, मुलगा-सून, तीन नातवंडं आणि कॉलेजला जाणारा धाकटा दीर. कुणाला अभ्यासाला कोपरा हवा, कुणाला रात्री दोनदा उठावं लागतं, आणि वर्षाचं धान्य कुठंतरी ठेवायचंच आहे.

आधी टेप घ्या

उंची मोजताना तुळई (बीम) सोडून मोजू नका. स्लॅब १० फुटांवर असला तरी तुळई नऊ ते बारा इंच खाली उतरलेली असते, आणि माळ्याची एक कड बहुतेक वेळा नेमकी तिच्याखालीच येते. नव्या अपार्टमेंटमध्ये साडेनऊ-दहा फूट मिळाले तरी खूप. गावभाग, खणभागासारख्या जुन्या वस्तीतल्या घरांत अकरा-बारा, क्वचित तेरा फूटही निघतात. काही ठिकाणी लाकडी पाटईचा माळा अजून शाबूत असतो आणि त्यावर फक्त फुटकी पिंपं पडलेली असतात.

हिशेब असा. माळ्याखाली उभं राहायला ७ फूट हवेत. पोलाद आणि प्लाय मिळून जाडी ६ ते १० इंच होते. वर माणसाला ताठ बसता यायला निदान ४ फूट लागतात. म्हणजे १२ फुटांच्या खाली झोपायचा माळा होत नाही, सामानाचाच होतो. साडेअकरा फुटांत "बसवून देतो" म्हणणारा वेल्डिंगवाला भेटेल. तो खालची उंची साडेसहा फुटांवर आणतो, आणि घरातला उंच माणूस आयुष्यभर मान वाकवून फिरतो.

दुसरं माप पाण्याचं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड, मारुती चौक या बाजूला राहणाऱ्यांना आपल्या भिंतीवरची रेघ पाठ असते. नवीन राहायला आलेल्यांनी शेजारी विचारून खिळ्याने खूण करून घ्यावी. त्या खुणेच्या खाली प्लायवूडचा एकही पैसा घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. का, ते पुढे येईल.

रात्रीचा हिशेब

एका माणसाच्या गादीला ३ बाय सव्वासहा फूट, म्हणजे साधारण १९ चौरस फूट लागतात. आठ माणसांचे दीडशे. बाहेरची खोली १६८ आणि आतली १२० चौरस फूट असताना दीडशे काही जड नाहीत. अडचण येते ती सकाळी सहानंतर, गाद्या उचलल्या न गेल्यामुळे.

६ बाय साडेसहाचा डबल बेड ३९ चौरस फूट खातो. त्याभोवती फिरायला दीड-दोन फूट सोडले की १० बाय १२ च्या खोलीची निम्मी जागा संपते, तीही चोवीस तास. झोपणारे मात्र दोनच. लहान घरात पहिला डबल बेड आणला त्या दिवसापासून जागा कमी पडायला लागते, हे कटू आहे, पण लग्नात बेड देणाऱ्यांना कोण सांगणार!

पोटमाळा

माळे दोन जातीचे. सामानाचा माळा दीड-दोन फूट रुंद, भिंतीला लागून, दारावरून जाणारा. तो कुठल्याही घरात होतो. झोपायचा माळा खोलीचा मोठा भाग व्यापतो, त्याला पोलाद लागतं.

सामानाच्या माळ्याला आपल्याकडे अजूनही कडप्पा घालतात, आणि ते वाईट नाही. पाऊण इंची कडप्प्याचं वजन चौरस फुटाला पाच किलोच्या आसपास भरतं. प्लाय आधी वाकून इशारा देतो. कडप्पा इशारा देत नाही, एकदम तुटतो. म्हणून दर दोन-अडीच फुटांवर अँगलचा आधार हवा आणि भिंतीत तीन इंच खाच मारून कडप्पा आत बसवलेला हवा. नुसत्या ब्रॅकेटवर ठेवलेल्या कडप्प्याखाली पाळणा बांधू नका.

झोपायच्या माळ्याचं गणित १० बाय १० साठी पाहू. १०० मिमीचे सी चॅनेल दर दोन फुटांवर, म्हणजे सहा नग, प्रत्येकी १० फुटी. ते ज्या दोन मुख्य आडव्यांवर टेकतात ते १२५ मिमीचे. चार कोपऱ्यांत चौकोनी पाइपचे खांब. वर १८ किंवा १९ मिमी प्लाय, ८ बाय ४ च्या चार शीट. कठडा आणि जिना धरून पोलाद चारशे किलोच्या घरात जातं. फॅब्रिकेटर भाव किलोवर लावतात, तेव्हा आजचा दर विचारून तुम्हीच गुणाकार करा. कुणी "एवढ्यात करतो" म्हणून एकरकमी आकडा दिला, तर चॅनेल किती मिमीचा आणि किती अंतरावर हे लिहून घ्या. पैसे वाचवायला ७५ मिमीचा चॅनेल टाकतात. १० फुटांच्या पल्ल्यावर तो मोडत नाही, पण पोरं पळाली की झुलतो, आणि झुलणाऱ्या माळ्यावर आजी नातवाला झोपू देत नाही. मग वर ट्रंका जातात.

खांब वाचवायचे असतील तर चॅनेलची टोकं भिंतीत घालता येतात. त्यासाठी भिंत नऊ इंची, सिमेंटच्या बांधकामाची हवी, टोक सहा इंच आत गेलं पाहिजे आणि त्याखाली काँक्रीटचा ठोकळा हवा. साडेचार इंची आडभिंतीवर भार देऊ नये. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीवर तर मुळीच नाही, त्यातही पुराचं पाणी आठवडाभर पिऊन वाळलेल्या भिंतीवर. अशा भिंतीत अँकर बोल्ट मारताना घट्ट वाटतो, आणि वर्षभरात भोक मोठं होऊन बोटाने फिरायला लागतो.

खांबांची गोम वेगळी. प्रत्येक खांबावर पूर्ण भाराला साडेपाचशे-सहाशे किलो येतात. तळमजल्यावर फरशीखाली भराव असतो. बेस प्लेट (खांबाच्या तळाची लोखंडी प्लेट) थेट फरशीवर ठेवली की पहिल्या पावसाळ्यानंतर फरशी तडकते आणि एक कोपरा खाली जातो. फरशी कापून दीड बाय दीड फुटांचा खड्डा कठीण मुरुमापर्यंत न्यावा आणि काँक्रीट भरून त्यावर प्लेट बसवावी. वरच्या मजल्यावर असाल तर खांब खालच्या तुळईवरच आले पाहिजेत. ते जमत नसेल तर हा विषय तिथेच सोडा.

माळ्यावर किती ठेवायचं? घराच्या मजल्यासाठी चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, म्हणजे चौरस फुटाला साधारण १९ किलो. पन्नास किलोची धान्याची पोती आडवी, एकावर एक दोन ठेवली की जवळपास तेवढाच भार होतो. दोन थर ठीक, तिसरा नाही. आठ माणसांना भाकरी-चपातीचं धान्य महिन्याला साठ-सत्तर किलो लागतं, म्हणजे वर्षाला सात-आठ क्विंटल. सगळं एकाच कोपऱ्यात रचायचं नाही, खांबांच्या जवळ आणि भिंतीपासून चार बोटं सुटं ठेवायचं. भिंतीला टेकलेलं पोतं ओल ओढतं.

पंखा हा सगळ्यांच्या शेवटी लक्षात येणारा प्रश्न. छताचा पंखा साडेआठ-नऊ फुटांवर फिरतो, म्हणजे माळ्यावर झोपलेल्याच्या कानाजवळ. माळ्याच्या कडेपासून पात्याचं टोक निदान अडीच फूट दूर हवं, नाहीतर पंखा काढून खाली-वर भिंतीचे दोन पंखे लावावेत. हेच बंक बेडलाही लागू. शिवाय गरम हवा वर साचते. माळ्याच्या पातळीवर समोरासमोरच्या भिंतींत दीड बाय एक फुटाचे दोन झरोके नसतील तर एप्रिल-मे मध्ये वर कुणी झोपत नाही. डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब असेल तर झरोके असूनही रात्री बारापर्यंत तापतं.

जिन्याला पंधरा चौरस फूट जातात: ११ चढ, प्रत्येकी साधारण साडेआठ इंच, पायरी ८ इंच, रुंदी सव्वादोन फूट. पायऱ्यांखाली खण काढले तर त्यातली बरीच जागा परत मिळते. उभी शिडी जागा वाचवते, पण मग माळा फक्त मुलांचा आणि दिराचा राहतो. साठीच्या पुढच्या माणसाला शिडीचा माळा म्हणजे नसल्यातच जमा.

गच्चीवरची पत्र्याची खोली

स्वतःचं बैठं घर, वर स्लॅब आणि गच्ची मोकळी असेल तर सगळ्यात जास्त जागा इथे मिळते: १० बाय १२ ची पूर्ण खोली, दार लावता येणारी. नवऱ्या-बायकोला किंवा बारावीच्या मुलीला दाराची किंमत विचारा.

पण गच्चीवर खांबांच्या सळया सोडलेल्या दिसल्या की "वर मजला चढतो" असं सगळे गृहीत धरतात. सळया सोडायला काही लागत नाही. पाया किती खोल आणि किती रुंद होता हे त्या सांगत नाहीत. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत ही शंका जास्तच घ्यावी, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरुमापर्यंत गेलेला नसेल तर खालच्या भिंतींवर आधीच तिरक्या चिरा दिसतील, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेल्या. अशा घरावर वजन वाढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घरी आणाच. उघड्या सळया दहा-पंधरा वर्षं गंजल्या असतील तर तारेच्या ब्रशने घासून पाहा. पापुद्रे निघून सळई बारीक झाली असेल तर त्यावर खांब वाढवता येत नाही.

भिंती कशाच्या, यावर निम्मं ठरतं. ९ फूट उंचीच्या नऊ इंची विटेच्या भिंतीचं वजन दर फूट लांबीला पावणेचारशे किलोच्या आसपास. चार इंची हलक्या ब्लॉकची, दोन्ही बाजूंनी गिलावा धरून, शंभरच्या आसपास. चौपट फरक. गवंडी विटेला हात सवयीचा म्हणून वीटच सुचवतो, त्याला ऐकू नका. भिंत कुठे येते तेही बघा. खाली तुळई नसलेल्या जागी, स्लॅबच्या मधोमध भिंत उभी केली की खालच्या खोलीच्या छताला तिच्याच रेषेत चीर पडते, आणि तीच पुढे पावसाळ्यात गळते.

पत्रा चढवताना तीन चुका नेहमी होतात. पहिली उतार. दहा फुटांना एक फूट ढाळ हवा. घराला "सरळ दिसावं" म्हणून कमी ठेवला की पाणी जोडातून मागे येतं. दुसरी स्क्रू. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, रबरी वॉशरसकट बसवायचा. पन्हळीत मारला तर पाणी त्याच्यावरूनच वाहतं आणि दोन पावसाळ्यांत गळतं. तिसरी, आणि खरी धोक्याची, वळवाची. एप्रिल-मे मधला वळीव पत्रा खालून उचलतो. आडवे पाइप नुसते विटांत दाबलेले असतील तर पाइपसकट छप्पर शेजारच्या गच्चीवर जातं. भिंतीच्या माथ्यावर चार ते सहा इंचांची काँक्रीटची पट्टी, तिच्यात दोन १० मिमी सळया, आणि त्यातच धरलेल्या लोखंडी प्लेटांना पाइप वेल्ड केलेले, एवढं केलं तर वारा खेळत बसत नाही. १० बाय १२ च्या खोलीला, चारी बाजूंनी फूटभर बाहेर काढून, १३ फुटी पाच पत्रे लागतात. १२ फुटांच्या पल्ल्याला ६० बाय ४० मिमीचा आडवा पाइप टाकला तर मध्ये एक आधार द्या. नाहीतर सरळ ९६ बाय ४८ मिमीचा घ्या.

उन्हाळ्याबद्दल एक उलटी गोष्ट. साध्या पत्र्याची खोली मे महिन्यात दुपारी भट्टी होते. पण पत्रा जितक्या लवकर तापतो तितक्याच लवकर निवतो. रात्री दहानंतर समोरासमोर खिडक्या असलेली पत्र्याची खोली स्लॅबच्या खोलीपेक्षा सुसह्य असते, कारण स्लॅब दिवसभर साठवलेली धग पहाटेपर्यंत सोडत राहतो. रात्रीच वापरायची असेल तर साधा रंगीत पत्रा पुरतो. दिवसा कुणी अभ्यास करणार असेल तर ५० मिमीचं पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) घ्या. पावसात साध्या पत्र्याखाली फोनवर बोलणंही ऐकू येत नाही, तो आवाजही पॅनेलने पुष्कळ कमी होतो.

पाण्याची टाकी विसरतात. आज टाकी गच्चीवर तीन फुटांच्या स्टँडवर आहे, खाली जोरात पाणी येतं. त्याच पातळीवर खोली आणि बेसिन केलं तर नळाला धारच लागत नाही. टाकी खोलीच्याही वर न्यावी लागते. हजार लिटरची भरलेली टाकी एक टनाच्या वर जाते, तिला पत्र्यावर किंवा स्लॅबच्या मधे जागा नाही. खांबांच्या डोक्यावरच स्टँड हवं. सोलर असेल तर तोही हलतो.

आणि वाळवण. कुरडया, सांडगे, शेवया, चटणीच्या मिरच्या, सगळ्यांना ऊन गच्चीवरच मिळतं. खोली कोपऱ्यात, उत्तर बाजूला ढकलली तर तिची सावली उरलेल्या गच्चीवर फारशी पडत नाही आणि दक्षिणेकडचं ऊन वाचतं.

परवानगीचं थोडक्यात. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका हद्दीत वर खोली म्हणजे बांधकाम परवानगी, पत्र्याची असली तरी. प्लॉट गुंठेवारीतला (शेतजमीन गुंठ्यागुंठ्याने तोडून विकलेला) असेल तर आधी तो नियमित झालेला लागतो. निळ्या पूररेषेच्या आत असाल तर नवं बांधकाम अडतं. निळी आणि तिच्याबाहेरची लाल रेषा यांच्यामध्ये अटी लागतात. नकाशात आपला सर्व्हे नंबर बघितल्याशिवाय ब्लॉकची गाडी मागवू नका. अपार्टमेंटमध्ये गच्ची सगळ्यांची असते, तिथे हा पर्याय मोजूच नये.

फर्निचर आणि अंथरुणं

फ्लॅटवाल्यांना हाच मार्ग उरतो. इथे हायड्रॉलिक बेडचं कौतुक जरा जास्तच होतं.

६ बाय साडेसहाच्या, फूटभर खोल पेटीत ३५ घनफूटांच्या वर जागा मिळते. पांघरुणं, रजया, दिवाळीची भांडी यांना उत्तम. धान्याला वाईट: पेटी बंद, हवा खेळत नाही, पोरकिडे झाले तर आठवडाभर कळत नाही. शिवाय तळाला ६ मिमीचा प्लाय असतो, त्यावर दोन पोती ठेवली की तो पोट सुटल्यासारखा लोंबतो. धान्य ठेवायचंच असेल तर तळ १२ मिमीचा आणि खाली दर दीड फुटावर पट्टी सांगून करून घ्या.

गॅसचे पंप वरच्या झाकणाच्या आणि गादीच्या वजनाला जुळवलेले असतात. त्यांच्यावर ताकद न्यूटनमध्ये छापलेली असते. दुकानात फोमच्या गादीसकट बेड एका बोटाने उचलून दाखवतात. घरी आपण त्यावर कापसाच्या दोन जड गाद्या टाकतो, आणि मग झाकण उचलत नाही, किंवा वर जाऊन हातावर येतं. ऑर्डर देतानाच "कापसाची गादी" असं सांगा. बिजागऱ्या भुश्याच्या बोर्डात स्क्रूवर बसवलेल्या असतील तर दोन-तीन वर्षांत स्क्रू भोकासकट निघतात; प्लायमध्ये आरपार बोल्ट हवेत.

आता पुराच्या पट्ट्यातल्यांसाठी. भुश्याचा बोर्ड पाण्यात काही तासांतच फुगतो आणि परत बसत नाही. मरीन प्लाय जास्त टिकतो, पण सांगलीचा पूर तासांत उतरत नाही, दिवस घेतो, आणि मागे गाळ ठेवतो. पेटीच्या बेडमध्ये गाळ शिरला की तो धुऊन काढणं अशक्य. त्यापेक्षा लोखंडी कॉट, खाली ट्रंका. पुलाजवळचं पाणी इशारा पातळीकडे चढतंय अशी बातमी आली की ट्रंका माळ्यावर जातात, कॉट भिजली तर पाइपने धुऊन पुन्हा रंगवता येते.

बाहेरच्या खोलीत सोफ्याऐवजी दोन दिवाण, प्रत्येकी अडीच बाय सहा, आणि एकाखाली सरकणारा दुसरा पलंग. दिवसा बसायला, रात्री तिघांची सोय. खालच्या पलंगाची गादी चार इंचांहून जाड घेतली तर तो आत जात नाही. चाकं दोन इंची, रबरी घ्या, नाहीतर फरशीवर रेघा उठतात.

राहिलेल्यांना खाली गाद्या. याला कमीपणा मानायचं कारण नाही. तीन घड्या पडणाऱ्या गाद्या घेतल्या तर पाच गाद्यांची चळत सव्वातीन बाय सव्वादोन फुटांत उभी राहते. अडीच फूट खोल, साडेतीन फूट रुंद फडताळ, तळापासून चार इंच वर, खाली-वर जाळी: एवढ्यात आठ जणांची अंथरुणं बसतात. स्टीलचं कपाट एकोणीस इंच खोल असतं, त्यात गाद्या कोंबून दार लागत नाही. फडताळच करा, आणि ते झोपायच्या खोलीत करा. बोळात केलं तर चार दिवसांनी कुणी उचलून नेत नाही, गाद्या दिवाणावरच पडून राहतात.

समोरासमोर

| | पोटमाळा | पत्र्याची खोली | फर्निचर-गाद्या |
|---|---|---|---|
| नवी जागा | ८०–८५ चौ. फूट | १२० चौ. फूट | नवी नाही, असलेली मोकळी |
| कशावर अडतं | १२ फूट उंची | पाया, परवानगी | रोज उचलण्याची शिस्त |
| मे महिना | वर उकाडा | दुपारी भट्टी, रात्री बरी | फरक नाही |
| पूर | सगळ्यात उपयोगी | सुरक्षित | लोखंड टिकतं, बोर्ड जातो |
| आजी-आजोबा | नको | रात्रीचा जिना नको | कॉट, संडासाजवळ |
| काम चालताना | ८–१० दिवस पसारा | महिना-दीड महिना, पण वर | एक-दोन दिवस |

सकाळची रांग

जागेची सगळी ओरड झोपण्यावरून होते, पण भांडणं सकाळी सातला होतात. आठ माणसं आणि एकत्र संडास-बाथरूम हे जुळतच नाही. ४ बाय ७ ची लांब बाजू बोळाला लागून असेल तर मध्ये चार इंची भिंत घालून ३ फूट संडासाला आणि उरलेले बाथरूमला द्यावेत. दोन दारं सव्वादोन फुटी, बेसिन बाहेर बोळात. दोन्हींना झरोका मिळतोय का ते आधी पाहा, नसेल तर हवा बाहेर फेकणारा (एक्झॉस्ट) पंखा लागेल. हे काम माळ्यापेक्षा किंवा पत्र्याच्या खोलीपेक्षा स्वस्त पडतं, आणि आमच्या मते पहिलं हेच करावं. बाथरूम लहान होतं, बादलीच्या आंघोळीला पुरतं. शॉवरची हौस असेल तर ती गच्चीवरच्या खोलीत भागवा.

कुणी काय घ्यावं

जुनं घर, उंची १२ च्या वर, गल्लीत पाणी येतं: झोपायचा माळा, खाली लोखंडी कॉट, धान्य वर. माळ्याची पातळी भिंतीवरच्या रेघेच्या वर येते का हे पाहूनच खांब कापा. रेघ त्याहून वर असेल तर माळा एरवी फक्त मुलांना झोपायला वापरा, धान्य गच्चीवर किंवा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे.

विश्रामबाग किंवा कुपवाडकडे स्वतःचं आरसीसी बैठं घर, कागद नीट: पत्र्याची खोली, हलक्या ब्लॉकची. दीर आणि मोठी नातवंडं वर, आजी-आजोबा खाली संडासाच्या जवळ. जिना बाहेरून असेल तर पावसात रात्री उतरावं लागतं, म्हणून वर निदान एक संडास धरूनच हिशेब करा.

फ्लॅट: डबल बेड असेल तर आतल्या खोलीत एकच राहू द्या, तोही भिंतीला चिकटवून. बाहेर दोन दिवाण, फडताळ, आणि दारांवरून सामानाचा माळा. बंक बेड घ्यायचाच असेल तर आधी पंखा हलवा.

शेजारची एक खोली भाड्याने मिळत असेल आणि पोरं चार-पाच वर्षांत शिकायला पुण्याला जाणार असतील, तर वरचं सगळं बाजूला ठेवून ती खोली घ्या.

वेळेचं एवढंच. पत्रा मृगाच्या आत चढला पाहिजे. पाडव्यानंतर फॅब्रिकेटर हाताला लागत नाहीत, तेव्हा सांगून ठेवायचं ते संक्रांतीलाच. माळा करणार असाल तर त्याहून आधी, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा शाळू घरात येतो आणि तो एकदा बाहेरच्या खोलीत रचला की वेल्डिंगवाल्याला उभं राहायलाही जागा उरत नाही.